राबातल्या लोंब्या

बायको गेली ती भाद्रपदात. भात पोटरीला आलं होतं, लोंबी अजून बाहेर पडायची होती. आधी ताप मला आला, तिसऱ्या दिवशी तिला. घर एक, हंड्यातलं पाणी एक, डासही एकच असेल म्हणा. तळेगावच्या दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. सहाव्या दिवशी मी उठून बसलो. ती उठली नाही. डॉक्टरला विचारलं, असं का? तो म्हणाला, "बाबा, काहींना सोसतं, काहींना नाही सोसत." एवढं मलाही दिसत होतं, त्याला डॉक्टर कशाला लागतो?

तिच्या मागं घरात तिचं असं एकच राहिलं. भाताच्या बियाचा पत्र्याचा डबा. साड्या मुलगी घेऊन गेली कुसगावला. डबा मी दिला नाही.

आमच्या घरात बी बाजारातून कधी आलं नाही. जुना आंबेमोहर, माझ्या आईकडून तिच्याकडे आलेला. उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, आणि करपा रोग तर त्याला नुसता बघून लागतो. पण शिजला की वासावरून चार घरं ओळखायची. कापणीच्या आधी दोन दिवस ती विळा न घेता, नुसतं फडकं घेऊन खाचरात शिरायची आणि एकेक लोंबी हातात धरून बघायची. मी बांधावरून ओरडायचो, "आटप की गं! सोयरीक जमवतीस व्हय?"

"तुमची जमवताना कुणी येवढं बघितलं असतं तर मी हितं नसते," ती तिकडून म्हणायची.

तिचा एक नेम होता. राबाच्या तुकड्यातली लोंबी बियाला घ्यायची नाही. आमच्याकडं शेण, पालापाचोळा, काटक्या, भाताचं तूस जमिनीवर पसरून भाजतात आणि त्या राखेत रोप टाकतात, तो राब. पुढं लावणी झाली की त्या तुकड्यातही भात लावतात, आणि तिथलंच भात सगळ्यात देखणं येतं. तेच ती सोडायची. मी म्हणायचो, "येडी हायेस." ती काहीतरी उत्तर द्यायची. बायकोचं दरवर्षीचं उत्तर कोण ऐकतं? मीही ऐकलं नाही.

ती गेली त्या साली मानमोडी आली. करपाच तो, पण लोंबीच्या मानेला लागतो. मान काळी पडते, लोंबी वाकते, दाणा पोचट. निवडायला ती नव्हती आणि निवडण्यासारखंही नव्हतं. कापलं, खाल्लं. म्हणजे तिनं हातानं निवडलेलं बी म्हणाल तर त्या डब्यातलं, आदल्या कार्तिकातलं. भाताचं बी फार दिवस जगत नाही. एक पावसाळा काढतं, दुसऱ्याला निम्मं मरतं, पुढं कोंबडीला टाकायचं.

मी तेव्हा आंबीच्या पलीकडं एका संशोधनाच्या इमारतीत कामाला होतो. नाव सांगून काय करायचंय. काम सोपं, ट्रेमध्ये माती भरायची, भात पेरायचं, पाणी द्यायचं. रोप वीतभर झालं की मॅडम यायच्या आणि त्याला रोग लावायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना तोंडावर म्हणालो, "आमी जल्मभर रोग घालवाया मेलो आन् तुमी पगार घिऊन लावताय व्हय?" त्या हसल्या. कोल्हापूरकडच्या, माझ्या मुलीपेक्षा लहान. मला आबा म्हणायच्या.

त्यांचं काम मला कळायला वर्ष लागलं. कळलं ते माझ्या भाषेत सांगतो. करपा म्हणजे बुरशी. तिचं बी डोळ्याला दिसत नाही. ते पानावर पडतं, डिंकासारखं चिकटतं, आणि मग फुगून काळा घुमट बांधतं. त्या घुमटात दाब भरतो, गाडीच्या टायरातही नसतो एवढा. दाब पुरेसा झाला की खालून खिळा निघतो आणि पानात घुसतो. मॅडमनी मला दुर्बिणीखाली दाखवलं. मी बघून म्हणालो, "ही तर घरफोडी हाय."

"घरफोडीच आहे आबा. पण हत्यारं कुठली ते बघायचंय."

हत्यारं म्हणजे जनुकं. प्रत्येक जिवात ती असतात, काय बनायचं आणि कसं वागायचं ते त्यात लिहिलेलं असतं म्हणे. मॅडम बुरशीतलं एक जनुक काढून टाकायच्या, त्या बुरशीला नंबर द्यायच्या आणि भातावर फवारायच्या. भात करपला, तर ते जनुक रोगाच्या कामाचं नाही. भात वाचला, तर सापडलं, याच्यावाचून बुरशीचं चालत नाही. मग त्याच्यावर औषध शोधता येतं. सोळा नंबर झाले होते. सोळाही वेळा भात करपला. मॅडमचं इथलं शेवटचं वर्ष होतं, हाताला काही लागलं नव्हतं, आणि त्यांचे सर फोनवर काय बोलायचे ते त्यांच्या तोंडावर दिसायचं.

पौषात त्यांचं बियाणं संपलं. नवीन आलं ते नीट उगवेना. त्यांना करपा पटकन लागणारं भात हवं होतं. मी फुशारकीत बोलून गेलो, "आमच्या घरच्या भाताकडं करप्यानं नुसतं बघितलं तरी लागतो."

"देता का थोडं?"

आता माघारी कसं घ्यायचं? आणि खरं सांगू का, मला वाटलं डब्यात पडून मरण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येईल. अर्ध्याला थोडं कमी दिलं.

पण पेरायला बसलो आणि हात चालेना. तिथली माती पोत्यात यायची, वाफेनं उकडलेली, मेलेली. तिचं बी राबावाचून कधी मातीत गेलं नव्हतं. मी पोतं तसंच बांधलं, घरी आलो आणि खळ्याच्या कडेला हातभर जागेत राब भाजला. माघात! शेजारची मावशी धूर बघून आली.

"आबा, आत्ताच राब? पाऊस काय तुमाला सांगून येनार हाय व्हय औंदा?"

"तुला काय करायचंय?"

"न्हाई, म्हनलं बायकू गेल्यावर मानसाचं व्हतंय असं."

ती राखेची माती मी पिशवीत घालून नेली. वीस ट्रे होते. माती पुरली दहांना. खाली राब, वर त्यांची माती, म्हणजे दिसायला सगळे सारखे. मॅडम हसतील म्हणून झाकलं, दुसरा कावा नव्हता. राबाचे दहा दाराजवळच्या काचेच्या खोलीत ठेवले, बाकीचे दहा आतल्या. आतल्या खोलीत अख्खी बुरशी फवारायची होती, जशी शेतात असते तशी. दाराजवळच्या खोलीत सतरा नंबर.

आठवड्यानं आतले दहा ट्रे जळाल्यागत झाले. दाराजवळचे हिरवे. इथं तिथं एखादा ठिपका. मॅडम पायातल्या चपला विसरून बाहेर आल्या. "आबा! सापडलं!" म्हणत माझे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. मी पण खूष झालो. मला वाटलं, बायकोच्या बियानं यश दिलं.

पण एकदा करून भागत नाही. पुन्हा करायचं, तिसऱ्यांदाही करायचं. मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं, "आबा, मागच्या वेळी जसं केलं तसंच करायचं. काडीचा फरक नको. हाताची सवयसुद्धा बदलायची नाही."

मी सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे. पुन्हा राब भाजला. पुन्हा दहा ट्रे, दाराजवळ. डबा अर्ध्याच्या खाली गेला. पुन्हा आतलं करपलं आणि दाराजवळचं वाचलं. या खेपेला मॅडमनी पेढे आणले आणि सरांना फोन लावला. फोनवर बोलताना रडल्या. पेपरात छापायचं मोठं लिखाण सुरू झालं.

तिसऱ्या खेपेची तयारी चालू होती तेव्हा कॉलेजच्या पंधरा-वीस मुली बघायला आल्या. मॅडम काचेपुढं उभ्या राहून सांगत होत्या. मी कोपऱ्यात पाइप गुंडाळत होतो. "बघा, बी एकच, पाणी एकच, माती एकच. फरक फक्त एका जनुकाचा. म्हणून आपण म्हणू शकतो की रोप वाचलं ते त्याच कारणानं. दुसरा एक जरी फरक असता तरी आपल्याला काहीच म्हणता आलं नसतं."

माती एकच.

 आणि तिथं, त्या मुलींच्या गर्दीत, मला बायकोचं उत्तर ऐकू आलं. दरवर्षी द्यायची ते, जे मी कधी ऐकलंच नव्हतं असं समजत होतो. "अवं, राबातल्या लोंब्या राखेच्या जिवावर उभ्या हायेत. त्यांचं सोताचं काय हाय ते कळत न्हाई. बियाला न्हाई चालायच्या."

चाळीस वर्षं माझी बायको खाचरातून मला तेच सांगत होती जे या मॅडम आता शिकवत होत्या.

मी आठ दिवस गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण बसलो. तिसऱ्या खेपेला गुपचूप राबावाचून पेरावं, हाही विचार केला. म्हणजे खरं काय ते बाहेर येईल आणि माझं नाव येणार नाही. मग वाटलं, आधीच्या दोन खेपा तशाच राहतील आणि खोटं छापून येईल. शिवाय मॅडम तिसरी खेप का बिघडली ते शोधत बसतील आणि मला माहीत असून मी पाइप गुंडाळत बसेन. त्याहून वाईट एक विचार होता. सांगितलं तर सगळं पहिल्यापासून करायचं, आणि बी लागणार. डब्यात होतं ते मी मृगाला पेरायला धरलं होतं. औंदा पेरलं नाही तर पुढल्या साली ते उगवणार नाही. तिनं निवडलेलं बी जगातून संपणार. मुलाला फोनवर म्हटलं तर तो म्हणाला, "बाबा, इंद्रायणीचं बी आणून देतो पाहिजे तेवढं, ताण कशाला घेता?" त्याचं बरोबर आहे. त्याच्या हिशेबानं भात म्हणजे भात.

नवव्या दिवशी मी मॅडमच्या टेबलापुढं उभा राहिलो. बसा म्हणाल्या तरी बसलो नाही.

"मॅडम, दारापासच्या ट्रेत राब हाय."

"काय आहे?"

"राब. राख. म्या घातलाय. दोन्ही खेपेला. तुमी म्हनला तसंच करा, म्हनून दुसऱ्या खेपेला बी."

त्यांना कळायला वेळ लागला.  "फक्त तेवढ्याच दहांत?"

"पुरला तेवढ्यात."

"आबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई."

"माझं वर्ष खाल्लंत तुम्ही." मोठ्यानं नाही बोलल्या. मोठ्यानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून काचेशी गेल्या, पाठ करून उभ्या राहिल्या. मी तिथंच. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भाताच्या राखेत सिलिका असते. पानाची साल टणक होते, खिळा घुसत नाही. हे मला माहीत आहे. पुस्तकात आहे. मला माहीत असून..."

मी म्हणालो, "माझ्या बायकोलाबी म्हाईत व्हतं." आणि लोंब्यांचं सांगितलं.

त्या वळल्या. "त्यांना हे कुणी शिकवलं?"

"ठाव न्हाई. म्या कदी इचारलंच न्हाई."

मॅडमनी सरांना त्याच दिवशी कळवलं. सरांचा आवाज फोनबाहेर मलाही ऐकू आला. मॅडमनी माझं नाव घेतलं नाही. "माझ्याकडून तपासायचं राहिलं," एवढंच म्हणाल्या. मग मला विचारलं, "आबा, बी किती उरलंय?"

मला खोटं बोलता आलं असतं. संपलं म्हणालो असतो तर त्यांनी दुसरं भात आणलं असतं, पण नवीन भातावर पहिल्यापासून सगळं बसवायला त्यांना वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी डबा नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. "हे सगळं?"

"लागंल तेवढं घ्या. उरलं तर द्या."

या खेपेला प्रत्येक खोलीत निम्मे ट्रे राबाचे आणि निम्मे साधे ठेवले. मॅडमनी स्वतः पट्ट्या लावल्या. राब मात्र मीच भाजला, त्या खळ्यापर्यंत बघायला आल्या. मावशी कुंपणापाशी होतीच. "आता शिकल्या-सवरल्या बाईलाबी लावला का नादी?"

निकाल आठवड्यानं. दोन्ही खोल्यांत साधे ट्रे सारखेच करपले. दोन्ही खोल्यांत राबाचे बरेचसे वाचले. म्हणजे सतरा नंबर अख्ख्या बुरशीइतकाच घरफोड्या होता. त्यातलं काढलेलं जनुक बिनकामाचं. मॅडम भिंगातून प्रत्येक पान बघत होत्या, ठिपके मोजून लिहीत होत्या. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "तुमची राख काम करते आबा. माझं जनुक नाही करत."

मी म्हणालो, "अठरा नंबर हाय की."

"हो. अठरा आहे." हसल्या नाहीत.

मग मी तो प्रश्न विचारला जो दवाखान्यापासून माझ्या डोक्यात होता. "मॅडम, आमा दोगांनाबी ताप एकच व्हता. तिच्यातच का घुसला? तेबी असं शोधता येतं का?"

"शोधतात लोक. माणसांतही शोधतात. तापाच्या बाजूनं काय आणि आपल्या बाजूनं काय."

"मग सापडंल?"

"तुमच्या दोघांपुरतं नाही सापडणार, आबा. दोनच माणसांवरून काही सांगता येत नाही."

डॉक्टरपेक्षा हे बरं वाटलं. सांगता येत नाही, हे निदान कबूल केलं.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात जड गेलं. तिथला नियम असा, की बुरशी लावलेलं एकही रोप बाहेर जायचं नाही. मोठ्या कुकरात घालून वाफवायचं, माती-मुळासकट. करपलेलं घालताना काही वाटायचं नाही. आधीच्या दोन खेपांचे हिरवे ट्रे घातले तेव्हा डब्यात बी होतं, या खेपेला ट्रे हिरवे होते आणि डबा सरत आला होता. तिची रोपं, वीतभर, पाणी मागत उभी. मी मॅडमना म्हणालो, "एक ट्रे द्या. एकच."

"नाही देता येणार."

"तुमीच म्हनला की, सतरा नंबरात काय न्हाई."

"रोगाच्या कामाचं काही निघालं नाही, एवढंच म्हटलं. त्या बुरशीत आम्ही हात घातलाय. ती तुमच्या शिवारात सुटली तर काय होईल, हे मला माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणून मी देणार नाही." मग हळू आवाजात, "दुसऱ्या कुणाला सांगू का कुकरचं?"

"कशाला? म्या पेरलंय." मीच घातले. झाकण मीच आवळलं. शिट्टी नसते त्याला, नुसता काटा चढतो. शिजत्या भाताचा वास येईल असं उगाच वाटलं. आला तो गवताचा.

डबा परत मिळाला तेव्हा तळाला दोन मुठी होत्या. मॅडमनी मोजकंच वापरलं होतं, हे मला दिसलं. मी काम सोडलं नाही, त्यांनीही काढलं नाही. अठराव्या नंबरासाठी दुसरीकडून बियाणं आलं, आणि ट्रे भरताना त्या आता माझ्याशेजारी उभ्या राहतात. मला त्याचा राग नाही.

मृगाला दोन मुठी पेरल्या, राब भाजूनच. निम्मं उगवलं. लावणीला एक लहान खाचर झालं, आणि राबाचा तुकडा. आश्विनात धुकं धरलं, आठ-आठ दिवस पान वाळेना. मानमोडी पुन्हा आली.

कापणीच्या आधी दोन दिवस मी तिचं फडकं घेऊन शेतात शिरलो. राबाच्या तुकड्यात लोंब्या कमरेइतक्या, माना ताठ, दाणे भरलेले. खाचरात काळ्या पडलेल्या माना, पांढऱ्या पोचट लोंब्या, अधूनमधून एखादी चांगली. राबातल्या घेतल्या असत्या तर पायली भरलं असतं. ती घ्यायची नाही हे खरं, पण तिच्या साली खाचरात निवडायला शेकडो लोंब्या असायच्या. माझ्यापुढं नव्हत्या. बांधावर बसलो, तंबाखू मळली, थुंकून दिली. पलीकडून मावशी ओरडली, "आबा, मान शाबूत हाय ती घ्या की! बघता काय?"

मी खाचरात उतरलो. तिच्यासारखी एकेक लोंबी हातात धरून मान दाबून बघितली. कुठली लोंबी का धरायची आणि का सोडायची ते तिला कळायचं, मला नाही. मला एवढंच कळत होतं की ही राखेवाचून उभी राहिली. का राहिली ते मॅडमलाही नसतं सांगता आलं, कदाचित वारा आडवा गेला असेल. दुपारपर्यंत हिंडलो. फडक्याची गाठ बांधली तेव्हा आत एक मूठ होती, भरून नाही.

ती गाठ बायकोच्या खुंटीला आहे, चुलीवर, जिथं धूर लागतो. मुंग्या चढतात का ते मी रोज बघतो. मॅडम म्हणाल्या, थोडं थंड खोलीत ठेवायला द्या, तिथं जगेल. मी अजून दिलं नाही. मुठीतलं किती द्यायचं?

राबातलं भात मी कांडून आणलं आणि शिजवलं. वास तोच. शेजारची मावशी ताट घेऊन आली, मी तिलाही वाढलं. ती जेवली आणि हात धुवायच्या आधी बोटं हुंगली, म्हणजे तिनंही ओळखला.